मेळ्यातल्या गाडीचा हिशेब ओळीओळीने द्या

प्रति,
ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात गाड्या विकणारे सर्व विक्रेते
आणि मेळा प्राधिकरण, ग्वाल्हेर

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयात, लेखापरीक्षणाच्या कामात 34 वर्षं काढून निवृत्त झाले. या पत्राची हिंदी प्रत आपल्याकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते आपल्या मेळ्यात दरवर्षी गाडी घ्यायला येणाऱ्या आमच्या मराठी घरांनीही हे वाचावं म्हणून. ग्वाल्हेरात आम्ही बाजारात हिंदी बोलतो, पण घरचा हिशेब अजून मराठीतच मांडतो.

गेल्या मेळ्यात माझ्या भाचीला तिची पहिली गाडी घ्यायची होती. तिला शाळेत नोकरी लागून चार वर्षं झाली आहेत. वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना दतियापर्यंतसुद्धा बसने नेणं होत नाही, म्हणून गाडी. तिने मला बरोबर यायला सांगितलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही स्टॉलवर पोचलो. थंडी मी म्हणत होती, तरी गर्दी होती. वीस-बावीस वर्षांच्या एका मुलाने चहा दिला, गाडी दाखवली आणि अर्ध्या पानाचा एक कागद पुढे ठेवला. वर मॉडेलचं नाव, खाली एकच आकडा, 9,98,860, आणि त्याभोवती पेनाने काढलेला गोल. 'ऑन-रोड, सब मिला के. दस लाख के अंदर.'

मी म्हटलं, बाळा, यात काय काय आहे ते लिहून दे.

एवढं लिहून मिळायला चाळीस मिनिटं लागली. मुलगा दोनदा आत जाऊन आला, मग मॅनेजर आले, मग कुणीतरी कॅल्क्युलेटर आणला. शेवटी जे हाती आलं ते असं. एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रस्ता कर आणि विमा सोडून गाडीची किंमत, 8,49,000. मेळ्याची 50 टक्के सूट धरून रस्ता कर 33,960. नोंदणी, कर्जाचा बोजा चढवणं आणि स्मार्ट कार्ड मिळून 2,300. फास्टॅग 600. इथपर्यंत माझी हरकत नाही. मग विमा 46,800. हँडलिंग 9,500. नंबरप्लेट 1,200. फाइल चार्ज 4,000. बेसिक किट 22,000. बॉडी कोटिंग 14,500. एक्स्टेंडेड वॉरंटी 15,000.

आता सरकारने दिलेल्या सुटीकडे पाहा. कराचे अर्धे पैसे सरकारने सोडले, म्हणजे भाचीचे 33,960 रुपये वाचले. हँडलिंग, नंबरप्लेट, फाइल चार्ज आणि किट या चार ओळींची बेरीज होते 36,700. सरकारने एका दाराने जे आत दिलं, ते आपण दुसऱ्या दाराने बाहेर नेलंत, वर पावणेतीन हजार जास्तच. गाडीच्या किमतीत काही कमी करा म्हटलं तर उत्तर मिळालं, 'आंटीजी, टैक्स में आधी छूट मिल तो रही है, अब और क्या?' माझं हे सगळं पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. ती सूट आपल्या खिशातली नव्हती. ती राज्याच्या तिजोरीतून जाते. मंत्रिमंडळ निर्णय घेतं, मग आदेश निघतो, गाडी मेळ्यातल्या विक्रेत्याकडून घ्यावी लागते आणि तिची कायमची नोंदणी ग्वाल्हेर आरटीओत व्हावी लागते. या अटी पाळून ग्राहक ती सूट मिळवतो. ती आपली सवलत म्हणून मोजून दाखवायचा आपल्याला अधिकार नाही.

मी हयातभर सरकारी पैसा नेमक्या माणसापर्यंत पोचला की मध्येच अडकला, एवढंच तपासत आले. म्हणून हे मला सोसवत नाही.

एकेका ओळीबद्दल बोलते, कारण भांडण आकड्याशी आहे, माणसांशी नाही.

हँडलिंग. कारखान्यातून गाडी ग्वाल्हेरपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. मग हे 9,500 कशाचे? मी विचारलं, कोणत्या नियमाखाली? मॅनेजर म्हणाले, 'सबसे लेते हैं.' सगळ्यांकडून घेतात हे उत्तर आमच्या ऑफिसात कुणी दिलं असतं तर ऑडिटच्या अहवालात त्याचा वेगळा परिच्छेद लिहिला गेला असता. नंबरप्लेटचंही तसंच. 1 एप्रिल 2019 पासून बनलेल्या गाड्यांना हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट कंपनीनेच गाडीबरोबर पुरवायची आहे. फाइल चार्ज म्हणजे आमची फाइल आरटीओत नेण्याचे पैसे, असं सांगितलं. नवी तयार गाडी आता तपासणीसाठी आरटीओत न्यावीही लागत नाही, अर्ज आपल्याच संगणकावरून जातो. बटण दाबण्याचे 4,000?

किटमध्ये पायपुसण्या, मडफ्लॅप, सीट कव्हर, स्टिअरिंगचं कव्हर आणि सुगंधी डबी होती. भाचीला त्यातल्या पायपुसण्या हव्या होत्या. 'किट के बिना डिलीवरी में टाइम लगेगा' असं ऐकवण्यात आलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू आहे, त्यात एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालण्याला प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हटलं आहे. तोंडी घातलेली अटही अटच असते. आम्ही ती लिहून मागितली तेव्हा लिहून मिळाली नाही, यावरून ती गैर आहे हे आपल्यालाही ठाऊक असल्याचं मला कळलं.

विम्याचं थोडं सविस्तर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला त्याचा हप्ता 10,640 रुपये ठरवून दिलेला आहे, वर जीएसटी. तो कुठेही घ्या, तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या एका वर्षाच्या विम्यात आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन, टायर वगैरे जोडण्यांत. मी त्याच रात्री घरी बसून त्याच विमा कंपनीचा, तेवढ्याच आयडीव्हीचा (विम्यात धरलेली गाडीची किंमत), त्याच जोडण्यांचा दर काढला. 35,200. स्टॉलवरचा आकडा 46,800. तोच कागद, तोच शिक्का, 11,600 रुपयांचा फरक. बाहेरून विमा आणला तर कॅशलेस होणार नाही, असं त्या मुलाने सांगितलं. कॅशलेस विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर ठरतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. विक्रेत्यामार्फत विकल्या जाणाऱ्या विम्यासाठी आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने 2017 सालीच नियमावली केली आहे. ग्राहकाला विमा कंपनी निवडायची मोकळीक आहे. शिवाय भाचीच्या स्कूटरच्या पॉलिसीत मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच आधीच होतं. ते एका माणसाला एकदाच लागतं. इथं पुन्हा लावलेलं होतं, विचारण्याआधीच.

कर्जाबद्दल एकच. हप्ता सांगण्याआधी व्याजाचा दर, प्रोसेसिंग फी आणि एकूण परतफेड दाखवा. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला मुख्य तथ्य विवरण देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. तो कागद सहीच्या आधी हातात पडला पाहिजे, डिलिव्हरीच्या फोटोनंतर नाही. आणि ज्यांची गाडी दहा लाखांवर जाते त्यांना टीसीएसच्या, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेल्या आयकराच्या, एक टक्क्याबद्दल नीट सांगत चला. तो खर्च नाही, आयकराच्या विवरणात वळता करून मिळतो. आमच्या गल्लीत दोन घरांनी तो कधी मागितलाच नाही, कारण कुणी सांगितलंच नाही.

आता एक्स्टेंडेड वॉरंटी. या विषयावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण इथं आमचे हात पोळले आहेत.

2018 च्या दिवाळीत आम्ही गाडी घेतली होती. शोरूमचं नाव लिहीत नाही. कंपनीची वॉरंटी दोन वर्षांची, त्यावर तीन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली, 11,000 रुपये. यजमानांनी पावती जपून फाइलला लावली. 2022 च्या मे महिन्यात, ग्वाल्हेरची ती गरमी, एसीचा कंप्रेसर गेला. वर्कशॉपमध्ये चेसिस नंबर टाकला तर संगणकात वॉरंटीच नाही. पावती होती, प्रमाणपत्र नव्हतं. आम्ही दिलेले पैसे कंपनीपर्यंत गेलेच नव्हते. चार महिने हेलपाटे घातल्यावर शोरूमने 11,000 परत केले, व्याज नाही, माफीही नाही. दुरुस्तीला 23,000 लागले होते. यजमानांना उन्हाचा त्रास होता, त्या चार महिन्यांत त्यांनी शोरूमच्या किती पायऱ्या चढल्या ते मला ठाऊक आहे. ते आता नाहीत. ती फाइल अजून आहे.

तरीही मी म्हणते की एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही. आजच्या गाडीत स्क्रीन आहे, सेन्सर आहेत, विजेवर चालणारं स्टिअरिंग आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी यातलं एखादं गेलं तर बिल हजारांत येतं, आणि ते बिल गाडी कमी चालवल्याने टळत नाही. गाडी सहा-सात वर्षं ठेवणाऱ्याने ती घ्यावी, असंच माझं मत आहे. पण घ्यायची काय आणि कधी, हे तरी सांगाल?

पहिली गोष्ट, हे वचन कुणाचं? कारखानदार कंपनीचं, की आपलं, की तिसऱ्याच एखाद्या कंपनीचं? तिन्हींना आपण एकच नाव देता. कंपनीचं असेल तर देशभर कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालेल. दुसऱ्याचं असेल तर त्याच्या अटी वेगळ्या, दाव्याचा मार्ग वेगळा. दुसरी गोष्ट, ते सुरू कधी होतं? बहुतेक कंपन्यांची मूळ वॉरंटी आता तीन वर्षांची आहे. देशात सर्वांत जास्त गाड्या विकणाऱ्या मारुतीनेही 2024 मध्ये ती दोनाची तीन वर्षं केली. म्हणजे आज घेतलेली वाढीव वॉरंटी चौथ्या वर्षी जागी होणार. ती आजच्या आज, तेही कर्जात टाकून का घ्यायची? 15,000 रुपये नऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात गेले की सुमारे 18,700 होतात. मूळ वॉरंटी संपण्याआधी कधीही ती घेता येते, बहुतेक कंपन्यांत. उशीर केला की दर थोडा वाढतो, हे खरं. मग पहिल्या वर्षीचा, दुसऱ्या वर्षीचा आणि तिसऱ्या वर्षीचा दर शेजारी शेजारी छापा, आमचं आम्ही ठरवू. 'आज नहीं लिया तो फिर नहीं मिलेगा' हे वाक्य मात्र आपल्या मुलांच्या तोंडून बंद करा. ते खोटं आहे, आणि तो मुलगा खोटं बोलायला नोकरीला लागलेला नाही.

आणि वगळलेल्या भागांची यादी. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर, बॅटरी यांना वाढीव वॉरंटी लागू नसते, हे विकताना सांगितलं तर चौथ्या वर्षी वर्कशॉपच्या काउंटरवर भांडण होणार नाही. ठरल्या वेळी अधिकृत ठिकाणी सर्व्हिस केली नाही तर दावा नाकारला जातो, हेही. किती दिवसांची, किती किलोमीटरची मुभा आहे, ते त्याच कागदावर हवं. पैसे घेतल्यावर ठरावीक दिवसांत कंपनीचं प्रमाणपत्र चेसिस नंबरासह मिळालं पाहिजे. मला पावती नको. पावतीची किंमत मी 2022 मध्ये पाहिली.

गाडीचा महिनाही विसरू नका. मेळा डिसेंबरच्या शेवटी लागतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो, म्हणजे आदल्या वर्षी बनलेल्या गाड्या नेमक्या याच दिवसांत विकायच्या असतात. भाचीला दाखवलेली गाडी आदल्या सप्टेंबरची होती. त्यात पाप नाही. पण आरसीवर बनावटीचं वर्ष छापून येतं आणि विकायच्या वेळी गाडी एका वर्षाने जुनी धरली जाते, तेव्हा किमतीत ते दिसायला हवं. आम्ही चेसिस नंबर मागितला नसता तर कळलंही नसतं.

आपली बाजू मला अगदीच दिसत नाही असं नाही. गाडीवर आपल्याला मार्जिन थोडं, जागेचं भाडं, मुलांचे पगार, वर कंपनीने नेमून दिलेली विम्याची आणि ॲक्सेसरीजची टार्गेट. रात्री दहापर्यंत मोकळ्या मैदानात थंडीत उभी राहणारी ती मुलं आपल्याच शहरातली आहेत, त्यांतल्या काहींना मी त्यांच्या आयांपासून ओळखते. आपली सेवा फुकट द्या असं मी म्हणत नाही. आपल्याला 9,500 हवे असतील तर ते उघडपणे आपल्या नावाने मागा, आम्ही देऊ किंवा घासाघीस करू. सरकारी शुल्काच्या रांगेत ते बसवू नका.

आमच्या लोकांनाही सांगते. भाजीवालीशी आपण दोन रुपयांवर वाद घालतो आणि गाडीच्या टेबलावर भाव विचारणं कमीपणाचं वाटतं. 'इतके लाख देतोय, दहा हजारांनी काय होतं' हे मी माझ्याच घरात ऐकलं आहे. एकूण आकड्यावर घासाघीस करू नका, ओळीवर करा. गोल केलेल्या आकड्यातून पाच हजार कमी करून मिळतात आणि आपण पेढे वाटतो. ओळ पुसायला लावली तर पूर्ण ओळ जाते. सूट मागायची ती एक्स-शोरूमवर रोख मागा आणि बिलात दिसू द्या. फुकट ॲक्सेसरीजची किंमत देणारा ठरवतो. कराची पावती परिवहनच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीच्या नंबरावरून पाहता येते, भरलेली रक्कम तिथं ताडून बघा.

माझे आजोबा या मेळ्याच्या जुन्या गोष्टी सांगत. 1905 साली महाराज माधवराव शिंद्यांच्या काळात तो गुरांच्या बाजारातून सुरू झाला. बैलाचा सौदा रुमालाखाली व्हायचा, दोघांचे हात आत, बोटं दाबून भाव. चारचौघांना तो कळत नसे. पण घेणाऱ्याला आपण किती देतोय आणि कशाचे देतोय हे पक्कं ठाऊक असायचं. इतक्या वर्षांनी त्याच मेळ्यात, झगझगीत दिव्याखाली, घेणाऱ्यापासूनच भाव लपलेला असावा याचं मला फार वाईट वाटतं. हा मेळा आमचा आहे. लहानपणी आम्ही शेजारच्या मुलांबरोबर इथे पापड खायला यायचो. इथे फसवणूक होते असं बाहेरगावच्या माणसाने म्हटलेलं मला ऐकवत नाही.

म्हणून मेळा प्राधिकरणाकडे मागणी अशी. पुढच्या मेळ्यात वाहन-विक्रेत्यांना जागा देताना करारातच एक अट घाला. बुकिंगचा एक रुपयाही घेण्याआधी ग्राहकाला छापील कोटेशन द्यायचं, त्यात सरकारी रकमा वेगळ्या, ऐच्छिक रकमा वेगळ्या आणि विक्रेत्याची स्वतःची आकारणी वेगळी. गाडीच्या बनावटीचा महिना आणि वर्ष त्यावर हवं. सूट नसती तर कर किती झाला असता आणि सुटीने किती झाला, हे दोन्ही आकडे हवेत. बुकिंग रद्द केलं तर किती दिवसांत किती परत मिळणार, तेही. परिवहन विभागाचे कर्मचारी मेळ्यात बसतातच, त्यांच्या टेबलावर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मोठ्या अक्षरांत लावा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच ते दहा लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार 200 रुपये फी भरून करता येते, हेही त्याच फलकावर येऊ द्या.

हे होण्यासारखं आहे. भाचीने गाडी घेतली ती त्याच मेळ्यात, त्याच कंपनीची, दुसऱ्या विक्रेत्याच्या स्टॉलवरून. त्यांनी न मागता ओळीओळीचा कागद दिला. एक्स-शोरूम 8,49,000, त्यातून रोख सूट 12,000, कर 33,960, नोंदणीचे 2,300, फास्टॅग 600. हँडलिंगच्या जागी रेघ. विमा आम्ही बाहेरून आणला, 35,200. एकूण 9,09,060. पहिल्या कागदापेक्षा 89,800 कमी, त्यातले कोटिंगचे आणि वॉरंटीचे 29,500 आम्ही आपल्या मर्जीने सोडले आहेत. वॉरंटी भाची दुसऱ्या वर्षी कंपनीकडून घेणार आहे, तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे.

दोन्ही कागदांच्या प्रती, शोरूमची नावं झाकून, या पत्राला जोडल्या आहेत. पुढच्या मेळ्याची जागावाटपं सुरू होण्याआधी प्राधिकरणाचं लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
लष्करातली एक ग्राहक
(निवृत्त, एजी ऑफिस, ग्वाल्हेर)